कोरांतीनच्या कोनाड्यातली मासेवाली

एखाद्या म्हातारीनं उभं आयुष्य जिच्यापुढे मेणबत्ती लावली, ती संत नाही, मासे विकणारी बाई आहे, हे त्या म्हातारीच्या तोंडावर सांगायची छाती आहे तुमच्यात? लगेच मान डोलवू नका. तिच्याच स्वयंपाकघरात बसून, तिनंच ओतलेली कॉफी पिता पिता सांगाल?

नाईग गिशावानं सांगितलं. आणि पुढे कित्येक महिने स्वतःचंच डोकं बडवत बसली.

नाईग ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या दुआर्ननेची. या बंदरात जन्मलेल्या बाईला दोन गोष्टी कोणी शिकवाव्या लागत नाहीत, तारली साफ करणं आणि समोरच्याला गप्प करणं. शाळा सुटली तशी ती फ्रितूरमध्ये लागली, म्हणजे तारल्या तळून डब्यात भरायच्या कारखान्यात. बोट धक्क्याला आली की भोंगा व्हायचा, आणि तव्यावरचं धिरडं तव्यावरच सोडून बाया पळायच्या. एका झटक्यात तारलीचं मुंडकं उडवायचं आणि दुसऱ्या झटक्यात मुकादमाला उत्तर द्यायचं, ही दोन्ही कामं नाईग एकदमच शिकली. तिच्या आजीनं संप केला होता, आईनं केला होता. तिनं किती केले ते मालकाला विचारायला हवं. तो हयात असता तर अजून दात-ओठ खात असता.

कारखाना बंद पडला, तिला पेन्शन लागली, आणि एवढी भांडखोर बाई आता करणार काय, अशी चिंता सगळ्यात जास्त तिच्या नवऱ्याला पडली. जोब त्याचं नाव. बोटीवर आयुष्य गेलेला, कमी बोलणारा माणूस. कमी बोलण्याचं कारण वेगळं सांगायला नको.

मग एका रविवारी जुन्या बाजारात नाईगला ती गाणारी दिसली.

वीतभर उंचीची झिलईच्या मातीची बाई. डोक्याला घट्ट बसणारी पांढरी टोपी, कमरेला एप्रन, मान मागे टाकलेली, तोंड उघडं. आणि त्या बाईची टाळू भोसकून कोणा गाढवानं वायर काढली होती, वर बल्ब, बल्बावर झालरीची टोपली. बाईचा दिवा केला होता.

विकणारा म्हणाला, "घ्या मादाम, मस्त दिवा आहे. जुनी ब्रिटनीची बाई, प्रार्थना करतेय."

"प्रार्थना?" नाईग म्हणाली. "एवढा जबडा उघडून प्रार्थना करताना तुझ्या आईला बघितलंयस? ही गातेय. यंत्रांच्या खडखडाटावर ऐकू जायचं तर असंच गावं लागतं. मी गायलेय. आणि बाईच्या डोक्यातून वायर घालताना तुझा हात झडला नाही?"

"मी नाही घातली, मादाम. आली तेव्हाच तशी होती."

"सगळे हेच म्हणतात."

घरी आणल्यावर जोबनं फक्त एवढंच विचारलं, "एक गाणारी घरात होतीच. दुसरी कशाला?"

नाईगनं वायर उपटली, झालर चुलीत घातली, आणि बाईला उलटी केली. खाली कारखान्याचा शिक्का. नाव नाही. आता हिच्या मनात किडा वळवळायला लागला. ही बाई ज्यानं केली त्यानं फ्रितूर आतून बघितलंय. बाया ओट्याला पोट टेकवून कशा उभ्या राहतात, एक पाय दुसऱ्यावर चढवून टाचेला आराम कसा देतात, सगळं बरोबर. हे कोणा पुरुषाचं काम नव्हे.

ती कँपेरला गेली. तिथं नदीकाठी लोकमारिया म्हणून कुंभारांची जुनी वस्ती आहे, तिथं दारं ठोठावत फिरली. पेरीन नावाची एक म्हातारी सापडली, जन्मभर बशांवर फुलं रंगवलेली. पेरीननं मूर्ती हातात घेतली आणि डोळे पुसले.

"ओदीलची आहे ही," ती म्हणाली. "ओदील त्रेविदिक. तुमच्याच गावची, मासेवालीची पोर. ओल्या फडक्यात माती गुंडाळून धक्क्यावर जाऊन बसायची. तुमच्या बाया तिला छळायच्या, 'ए, माझं नाक जरा कमी कर गं, अजून लग्न व्हायचंय माझं!' म्हणायच्या. नऊ बाया केल्या तिनं. एक गाणारी, एक मुंडकी उडवणारी, एक जाळं विणणारी... आणि शेवटची मासेवाली. तिची आई."

"मग नाव का नाही खाली?"

"नाव तिथं एकाचंच असायचं. कलाप्रमुखसाहेबांचं. पुस्तकात, यादीत, दुकानात. आम्ही सगळ्या हात होतो, बाई. हातांना कुठं नाव असतं?"

पण मासेवालीच्या वेळी ओदीलचं डोकं फिरलं. तिनं केसातला आकडा काढला आणि साच्याच्या तळातच आपलं पूर्ण नाव उलट्या अक्षरांत कोरलं. म्हणजे त्या साच्यातून निघणारी प्रत्येक मासेवाली पोटाखाली नाव घेऊनच बाहेर पडणार. काही मूर्ती तशा भट्टीतून निघाल्या, विकल्याही गेल्या. मग साहेबांनी एक उलटी करून पाहिली. साचा तिथल्या तिथं जमिनीवर आपटून फोडला. ओदीलनं भिंतीवरचा कोट काढला, घातला, आणि निघाली. पुन्हा कधी मातीला हात लावला नाही तिनं. ब्रेस्तला शाळेत पोरांना चित्रकला शिकवली आणि तिथंच वारली.

हे ऐकून नाईगच्या अंगाचा तिळपापड झाला. तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात? ज्याच्या कामावर जन्मभर दुसऱ्याचं नाव लागलं नाही, त्यालाच असं वाटतं. तारलीच्या डब्यावर मालकाचं नाव छापतात. आतल्या तारल्या एकीला एक चिकटून कोणी लावल्या, ते डबा उघडणाऱ्याला कधी कळत नाही.

तेव्हापासून नाईग ओदीलच्या बाया गोळा करत सुटली. एक नणंदेच्या संडासातल्या फळीवर सापडली, ती तिनं भांडून आणली. एक दातांच्या डॉक्टरच्या टेबलावर कागद दाबायला ठेवली होती. त्याच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवूनही तिनं सौदा केला. जाळं विणणारी तुटक्या हातांची मिळाली. एका दुकानदारानं घट्ट टोपीची बाई 'बिगुदेन बाई' म्हणून, म्हणजे दक्षिणेकडच्या मुलखातली म्हणून मांडली होती. बिगुदेन बायांची टोपी धुराड्याएवढी उंच असते, हे आंधळ्यालाही कळतं. नाईगनं त्याला दुकानात उभं करून टोप्यांचा पाठ घेतला, आणि त्यानं सुटका व्हावी म्हणून मूर्ती तिला देऊनच टाकली. जोबच्या कॉफीच्या वाडग्याला फडताळावर जागा उरली नाही. तो वाडगा खिडकीत ठेवायला लागला.

आठ झाल्या. नववी नाही. मासेवाली कुठंच नाही.

तेवढ्यात कँपेरमधल्या एका सभागृहात या मातीच्या बायांचं प्रदर्शन ठरलं. ते भरवणाऱ्या दानिएलूबाईंनी नाईगला पत्र पाठवून तिच्या आठही बाया मागितल्या. बाई तरुण, गोड बोलणारी, आणि गोड बोलणारी माणसं नाईगला मुळात सहन होत नाहीत.

"पण मूर्तीखालच्या चिठ्ठीवर ओदील त्रेविदिकचं नाव पाहिजे," नाईगनं पहिल्याच भेटीत सांगितलं.

"आम्ही तुमच्या भावना समजतो, मादाम गिशावा."

"भावना नाहीत. नाव आहे."

"सगळ्या जुन्या यादीत कलाप्रमुखांचं नाव आहे. काही पुरावा असेल तर..."

"पेरीननं मला सांगितलंय. स्वतःच्या तोंडानं."

"पण पेरीनबाई तर आता..."

"वारली. मग? मेलेली माणसं खोटं बोलतात?"

दानिएलूबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "मी उद्या दुसऱ्या कोणाचंही नाव कोणीतरी सांगितलं म्हणून लावलं, तर तुम्हीच माझा गळा धराल. मला एक मूर्ती दाखवा, जिच्यावर तिचं नाव आहे. एकच. मी सगळ्या चिठ्ठ्या बदलते. हा माझा शब्द."

म्हणणं रास्त होतं. म्हणूनच नाईगला जास्त संताप आला. चुकीच्या माणसाशी भांडायला सोपं असतं. आठही बाया तिनं त्या शब्दावर सभागृहात पोचवल्या.

आणि असं असताना एका संध्याकाळी जोब कापहून परत आला. काप म्हणजे पश्चिमेला समुद्रात घुसलेली खडकाळ जमीन. तिथं कोणाकडे तरी शेवंडीचे जुने पिंजरे बघायला गेला होता. बूट काढत काढत म्हणाला, "तुझी एक बाई तिथं देव झालीय."

"काय बरळतोयस?"

"शेजारच्या म्हातारीनं कॉफीला बोलावलं. कोरांतीन बेस्कों. तिच्या कोनाड्यात आहे. पुढे मेणबत्ती. म्हातारी म्हणते सांत आन, मेरीमातेची आई. मला तर ती तुमच्या धक्क्यावर ओरडणाऱ्या बायांसारखी दिसली."

"कुशीत काय आहे तिच्या?"

"फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी."

"शेपूट दिसतंय?"

जोबनं विचार केला. "बाळाला शेपूट असतं का?"

नाईगनं तेव्हाच कोट घातला होता. जोबनं तिला सकाळपर्यंत कसं थोपवलं ते त्याचं त्याला माहीत.

कोरांतीन मावशी नव्वदीला टेकलेली, काडीसारखी बारीक, डोळ्यांत दुधासारखा मोतीबिंदू. चुलीशेजारी भिंतीत कोनाडा, आणि कोनाड्यात ती. दोन्ही पाय फाकवून उभी, हनुवटी वर, कुशीत फडक्यातला लठ्ठ मासा. फडक्याच्या टोकातून शेपटी बाहेर आलेली. गालावरची झिलई बोटं फिरवून फिरवून उडालेली. हीच ती, नववी.

"सांत आन आहे," कोरांतीन म्हणाली. "आणि कुशीत तिची मेरी, तान्ही. माझ्या सासूनं लग्नात दिली. माझा नवरा यान प्रत्येक वेळी बोटीवर गेला की मी हिच्यापुढे मेणबत्ती लावली. प्रत्येक वेळी परत आला तो. शेवटी अंथरुणात मेला, बूट काढून, माझा हात धरून. या गावात किती जणींच्या नशिबी येतं ते?"

इथं शहाण्या माणसानं गप्प बसायचं असतं. नाईग शहाणी कधीच नव्हती.

"मावशी, ही सांत आन नाही. मासेवाली आहे. आमच्या दुआर्ननेची. आणि ते बाळ नाही, मासा आहे."

कोरांतीननं वाडगा खाली ठेवला. "तुझे डोळे गेलेत का गं?"

"माझे? तुमच्या डोळ्यांत दूध साकळलंय, आणि..."

"सांत आन आहे."

"मग तिच्या डोक्यावर दुआर्ननेची टोपी का? कापची का नाही?"

"सगळ्यांनाच कुठं कापची टोपी मिळते, बिचाऱ्यांना," कोरांतीन म्हणाली. "उपसागराच्या तिकडच्या काठावर तिचं देऊळ आहे, पाल्यूच्या वाळूत. म्हणजे तिकडचीच ती. इथलीच लेक, लांब परमुलखात दिली, तिकडे मेरी झाली, आणि म्हातारपणी परत माहेरी आली. तुला हेही शिकवलं नाही कोणी? कोणाची गं तू?"

"गिशावांची."

"त्या लाल झेंडेवाल्यांची? तरीच."

नाईगनं दात आवळले. मग तिनं आवाज होईल तेवढा मऊ केला. तिच्या मऊ आवाजाला जोब अजूनही घाबरतो. "मावशी, मला ती नको. फक्त एकदा उचलून खाली काय लिहिलंय ते बघू दे."

"सांत आनच्या परकराखाली बघायचंय तुला?"

"अहो, नाव..."

"आणि उचलशील कशी? एका वादळात खिडकी आत आली तेव्हा ही डुगडुगली. यान परत आल्यावर त्यानं बोटीच्या फटी भरायच्या पुट्टीनं तिला बसवून टाकली. समुद्राचं पाणी ज्या पुट्टीतून आत येत नाही, त्यातून तू येणार?"

नाईगनं बोटानं चाचपून पाहिलं. पुट्टी दगड झाली होती. हवं असलेलं नाव त्या पुट्टीखाली झोपलेलं.

पुढच्या आठवड्यात ती कुइन्यमान घेऊन गेली, लोण्या-साखरेच्या थरांचा केक, चांगला गरम. कोरांतीननं केक खाल्ला, ओदीलची सगळी कथा ऐकली, बोटं चाटली, आणि 'नाही' म्हणाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात नाईग चिडून म्हणाली, "तुम्ही ते डोळ्यांचं ऑपरेशन का करून घेत नाही? एकदा डोळे साफ झाले की तुम्हालाच दिसेल मासा!"

"केलं असतं गं. भाचीकडे राहावं लागेल, डोळ्यांत थेंब घालायला. तोवर इथं मेणबत्ती कोण लावील?"

"कोणीही लावील!"

"कोणीही नाही. तू लावशील?"

नाईगच्या तोंडातून "हो" बाहेर पडलं, आणि पडल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. कोरांतीननं लगेच एप्रनच्या खिशातून किल्ली काढली. इतक्या लगेच, की म्हातारीनं हे सगळं आधीच ठरवलं होतं की काय, असा संशय नाईगला आजही आहे.

आता बघा हा तमाशा. जन्मात कधी चर्चची पायरी न चढलेली, लग्नसुद्धा नगरपालिकेत लावलेली बाई रोज जोबच्या गाडीत बसून कापला जायची, दार उघडायची, मेणबत्ती लावायची, कोंबड्यांना दाणे टाकायची. रस्त्यावरचा पाववाला हात वर करून विचारायचा, "काय कॉम्रेड, आज कोणता नवस?"

"तुझा पाव फुगावा म्हणून!" नाईग गाडीतून ओरडायची. "सांत आन म्हणाली, तेवढं मला जमणार नाही!"

दुसरीकडे दानिएलूबाईंचा फोन. सोमवारी चिठ्ठ्या छापायला जाणार. काही मिळालं का?

जोब तसा सरळ माणूस. पण आपली बायको रात्रंदिवस धुमसतेय, हे कोणाला बघवेल? शनिवारी त्यानं गाडीतून एक लांब पातळ सुरी काढली, मासा सोलायची, आदल्याच दिवशी धार लावून आणलेली. "पुट्टी कापता येईल हळूहळू. म्हातारी नाही घरात. बघायचं, आणि नवी पुट्टी लावून परत बसवायचं. कोणाला कळतंय."

नाईग कोनाड्यापुढे उभी राहिली. बाहेर कोंबड्या कुरकुरत होत्या. तिनं सुरी पुट्टीत घातली आणि दाबली. पांढरी भुकटी पडली. अजून दाबली. सुरी बोटभर आत गेली. मासेवाली तिच्याकडे हनुवटी वर करून बघत होती, जणू विचारत होती, घेणार आहेस की नुसती चाचपतेस? आणि तेव्हा मूर्तीतून बारीक आवाज आला. टिक.

नाईगचा हात थांबला.

ही माती. वर झिलई कठीण दिसते, आत बिस्किटासारखी. अजून एक जोर, आणि बाई हातात येईल, तळ खाली राहील. नाव मधोमध फुटेल. आणि म्हातारी परत येईल ती नव्या डोळ्यांनी रिकाम्या कोनाड्याकडे बघेल. किल्ली तिनं नाईगला दिली होती. भाचीला नाही, पाद्रीला नाही, लाल झेंडेवाल्या गिशावांच्या बाईला.

"काय हा ताप डोक्याला!" नाईग ओरडली. कोणावर ओरडली ते जोबला कळलं नाही. तिनं सुरी ओढून काढली, त्याच्या हातात आपटली, काडी ओढली आणि मेणबत्ती लावली.

"काय झालं?" जोब म्हणाला.

"सुरी बोथट आहे तुझी."

सोमवारी चिठ्ठ्या छापल्या गेल्या. कलाप्रमुखसाहेबांचं नाव, खाली त्यांचा जन्म-मृत्यू, आणि 'मादाम गिशावा यांच्या संग्रहातून'. मंगळवारी नाईग सभागृहात पोचली. सोबत जोब आणि मासळीच्या रिकाम्या पेट्या.

"माझ्या बाया द्या."

"मादाम, उद्या उद्घाटन आहे!" दानिएलूबाई म्हणाल्या.

"म्हणून तर आज आले."

"निदान 'कलाकार अज्ञात' लिहू?"

"अज्ञात कोणाला? मला तर ज्ञात आहे."

आठही बाया वर्तमानपत्रात गुंडाळून पेट्यांत गेल्या. दानिएलूबाईंनी शेवटी स्वतः एक गुंडाळली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझा शब्द अजून कायम आहे. एक नाव दाखवा." नाईगनं पेटीत ती मूर्ती सगळ्यात वर ठेवली.

आता त्या आठ बाया नाईगच्या घराच्या रस्त्याकडच्या खिडकीत आहेत. जोबचा वाडगा तिथून पुन्हा हलला. काचेवर रंगानं लिहिलंय: 'ओदील त्रेविदिक. धक्क्यावरच्या बाया.' बाजारातून येणाऱ्या बाया थांबतात आणि म्हणतात, "ही तर माझ्या आत्यासारखी उभी आहे." त्यातल्या काही खरंच कोणाच्या तरी आत्या असतील.

कोरांतीन परत आली ती काळा चष्मा लावून. नाईग आणि जोब तिला घरी सोडायला गेले. म्हातारीनं दारातच चष्मा काढला. चूल बघितली. "ई, केवढी काजळी!" मग खिडकी बघितली. मग कोनाड्याकडे गेली, नाक मूर्तीला लागेल इतकी जवळ, आणि बोटानं ती शेपटी चाचपली.

"मासा आहे गं," ती शेवटी म्हणाली.

नाईगनं जिंकल्यासारखं तोंड उघडलं आणि परत मिटलं. कारण म्हातारी हसायला लागली होती. खुर्चीवर बसून, एप्रन तोंडाला लावून, डोळ्यांतले थेंब बाहेर येईपर्यंत हसली. "इतकी वर्षं! इतकी वर्षं मी मासळीला अंगाई म्हणत होते! यानला माहीत असणार. मेला एक नंबरचा चोर होता तो, बोलला नाही कधी."

"मग आता काढायची का मावशी?" नाईगनं विचारलं. 

"का काढायची?"

"आता कळलं ना, सांत आन नाही."

कोरांतीननं तिच्याकडे त्या नव्या कोऱ्या, निळ्या डोळ्यांनी पाहिलं. "मी दर वाऱ्याला हिच्यापुढे रडले. ही कधी म्हणाली नाही, चुकीच्या घरी आलीस, पुढचं दार वाजव. यानला आणलंन प्रत्येक वेळी. मासेवाली असून आणलंन. आणि आता मला दिसायला लागलं म्हणून मी हिला हाकलू?"

"बरोबर आहे," नाईग म्हणाली. हे इतकं दुर्मीळ होतं की जोबनं मान वळवून बघितलं.

म्हातारी परत कोनाड्याशी वाकली. पुट्टीतली पांढरी खाच तिला दिसली. बोट फिरवलं. "आणि हे काय? उंदीर?"

"उंदीर नाही," नाईग म्हणाली. "मी."

"मग अर्ध्यात का सोडलंस?"

"सुरी बोथट होती."

"आदल्याच दिवशी धार लावून आणली होती," जोब पुटपुटला.

कोरांतीन दोघांकडे बघत राहिली. मग तिनं काडेपेटी नाईगपुढे धरली. "लाव. तुझा हात बसलाय आता. आणि तुझ्या त्या ओदीलला सांग, मी गेल्यावर काय खणायचं ते खणा. पण मी इतक्यात जात नाही. आताच कुठं दिसायला लागलंय."

आणि ती जात नाहीच. ठणठणीत आहे. टेकडीवरून उतरणारी बस कोणती ते ती आता नाईगच्या आधी ओळखते. पुट्टी तशीच आहे, नाव तिच्याखाली तसंच, आणि पुढच्या उन्हाळ्यात दानिएलूबाईंचं प्रदर्शन दुसऱ्या गावी जाणार आहे, बाकीच्यांकडून जमवलेल्या बाया घेऊन, त्याच चुकीच्या नावानं. नाईग रोज कोणावर तरी भडकते, आज वाऱ्यावर, उद्या टपालवाल्यावर, कारण ज्याच्यावर भडकायचं तो साहेब साचा फोडून केव्हाच मातीत गेलाय.

पण फुटण्याआधी त्या साच्यातून आणखी काही मासेवाल्या बाहेर पडल्या होत्या, आणि विकलेली वस्तू कुठंही पोचते. कोणाची लेक तिकडे शिकायला गेली असेल, कोणी सहलीहून येताना बाजारातून 'शोभेची बाई' म्हणून पिशवीत टाकून आणली असेल, ती आज तुमच्या टीव्हीवर किंवा शोकेसमध्ये धूळ खात उभी असेल. म्हणून एवढं करा. वीतभर उंच, पाय फाकवून उभी, घट्ट पांढरी टोपी, कुशीत फडकं आणि फडक्यातून शेपूट, अशी बाई घरात असेल तर तिला दोन्ही हातांनी, कमरेला धरून, सावकाश उलटी करा, आणि तळाला साच्यातून उठून आलेली अक्षरं दिसली तर नाईग गिशावा, दुआर्नने, एवढ्या पत्त्यावर कळवा. टपालवाल्याला घर माहीत आहे. फक्त उचलण्याआधी तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा.